मुखवट्यामागचे टाके

मार्च २०२५ मध्ये 'द फँटम ऑफ द ऑपेरा' ही गाजलेली संगीतिका मुंबईत येऊन गेली. अँड्र्यू लॉइड वेबर यांची ही संगीतिका लंडनमध्ये १९८६ पासून चालू आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८८ ला सुरू झालेला तिचा प्रयोग २०२३ च्या एप्रिलमध्ये थांबला, तोवर तेरा हजारांच्या वर खेळ झाले होते. मुंबईचा खेळ पाहून आलेल्या माझ्या दोन मैत्रिणी आणि त्यातल्या एकीची कॉलेजात जाणारी लेक, तिघींच्या तोंडी एकच वाक्य होतं. ''बिचारा फँटम गं!''

बिचारा? ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॅरिसच्या ऑपेरा हाउसखालच्या तळघरात एक विद्रूप चेहऱ्याचा, पण अलौकिक प्रतिभेचा संगीतकार लपून राहतो. तो ख्रिस्तीन नावाच्या पोरक्या, तरुण गायिकेला आरशाआडून गाणं शिकवतो, तिला मोठं करतो आणि मग तिच्यावर हक्क सांगतो. तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो राऊल त्याला खुपतो. फ्रेंच लेखक गॅस्तों लरू यांची ही कादंबरी १९१० साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात तर हा गृहस्थ ख्रिस्तीनला दोनच पर्याय देतो, माझ्याशी लग्न कर, नाहीतर दारूगोळ्याने सगळं ऑपेरा हाउस उडवतो. संगीतिकेतही तो दोन माणसं मारतो, झुंबर खाली आणतो, भर प्रयोगातून मुलीला पळवतो. पण स्वर इतके गोड, मुखवटा इतका देखणा आणि मेणबत्त्यांच्या उजेडातली ती होडी इतकी स्वप्नवत, की मेलेल्या माणसांची नावंसुद्धा घरी येईपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

म्हणूनच मला आज तुम्हाला एका वाईट सिनेमाबद्दल सांगायचंय. म्हणजे जाणकारांनी वाईट ठरवलेल्या. १९८९ चा, ड्वाइट लिटल दिग्दर्शित 'द फँटम ऑफ द ऑपेरा'. फँटमच्या भूमिकेत रॉबर्ट इंग्लंड, म्हणजे 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मधला तो सुऱ्यांच्या बोटांचा फ्रेडी क्रूगर. एवढ्यावरूनच कल्पना यावी! सिनेमा तिकीटबारीवर आपटला. आणि दोष तरी किती सांगू? गोष्ट आजच्या न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. गाण्याची चाचणी देताना ख्रिस्तीनला अपघात होतो आणि ती एकदम १९ व्या शतकातल्या लंडनमध्ये जाऊन पडते. पॅरिस का सोडलं, देव जाणे! चित्रीकरण झालंय हंगेरीत, बुडापेस्टला. ख्रिस्तीनचा प्रियकर इतका मिळमिळीत आहे की तो पडद्यावर असला काय, नसला काय. आणि रक्त तर विचारू नका. वाईट परीक्षण लिहिणाऱ्या समीक्षकाला हा फँटम गाठून मारतो (आमच्या नाट्यसमीक्षक मंडळींनी नोंद घ्यावी), ज्येष्ठ गायिकेचं मुंडकं उडवतो, आणि मारलेल्यांची कातडी स्वतःच्या सडक्या चेहऱ्यावर सुईदोऱ्याने टाके घालून बसवतो.

ते टाके घालतानाचं दृश्य मी उशी तोंडाशी धरून पाहिलं. पण तिथेच मला हा सिनेमा आवडायला लागला.

कारण संगीतिकेत मुखवटा असतो पांढराशुभ्र, इस्त्री केल्यासारखा. त्यामागचं दुःख आपण आपल्या मनाने भरतो आणि रडतो. इथे मुखवटाच दुसऱ्यांच्या कातडीचा आहे. सभ्य दिसण्यासाठी या माणसाला कुणाचा तरी जीव घ्यावा लागतो, आणि ते कॅमेरा लपवत नाही. इथल्या एरिकने सैतानाशी सौदा केलेला असतो. लोक तुझ्या संगीतावर प्रेम करतील, पण तुझा चेहरा मी नासवणार. म्हणजे जगाने छळलं म्हणून हा असा झाला, ही पळवाटही नाही. त्याने ते निवडलंय. एका प्रसंगात तो वेश्येला सोन्याची नाणी देतो आणि तिला ख्रिस्तीन म्हणून हाक मारतो. एका शब्दाचंही भाषण न करता दिग्दर्शक सांगून जातो की याला हवी असलेली ख्रिस्तीन ही खरी मुलगी नाहीच, ते याने ठेवलेलं एक नाव आहे, कुणालाही चिकटवता येईल असं. पुढे तो खऱ्या ख्रिस्तीनच्या बोटात अंगठी घालतो आणि दुसऱ्या पुरुषाला भेटायचं नाही असं बजावतो. या प्रसंगाला पार्श्वसंगीत आहे, पण त्यात मधाचा थेंब नाही.

आपल्याकडे १९९३ च्या 'डर'मध्ये छातीवर किरणचं नाव कोरून घेणाऱ्या राहुलला टाळ्या पडल्या आणि तिचा नवरा लोकांना खलनायक वाटला, ते आठवतं ना? माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या मागे दोन वर्षं एक मुलगा होता. तिने क्लास बदलला, बस बदलली, फोनचा नंबर बदलला. घरातल्या मोठ्या बाईचं म्हणणं काय, तर ''एवढं कोण करतं गं कुणासाठी?'' २०१३ पासून आपल्या कायद्यात पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आला, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीन मिळण्याजोगा. कलम बदललं, त्या मोठ्या बाईचं वाक्य काही बदललेलं दिसत नाही.

एक तक्रार मात्र माझी या सिनेमावरही आहे, आणि ती रक्ताची नाही. कुरूप चेहरा म्हणजे काळं मन, हे समीकरण त्याने जसंच्या तसं ठेवलंय. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये जाहीर केलं की चेहऱ्यावरचे व्रण खलनायकाची खूण म्हणून वापरणाऱ्या सिनेमांना यापुढे पैसे देणार नाही. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुली आपल्यात वावरत असताना हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्यांचे चेहरे नासवणारे बरेचदा चांगले देखणे, 'प्रेमात पडलेले' तरुण होते.

शेवट सांगू का? सांगतेच, तीस-पस्तीस वर्षांच्या जुन्या सिनेमाचं काय गुपित ठेवायचं! लरूच्या कादंबरीत फँटम ख्रिस्तीनच्या कपाळावर ओठ टेकवतो आणि विरघळून तिला सोडतो. इथे असलं काही नाही. न्यूयॉर्कला परतलेल्या ख्रिस्तीनला नवा निर्माता भेटतो, आणि तो कोण हे तिच्या लक्षात येतं. ती त्याची वाट बघत रडत बसत नाही, त्याला भोसकते. त्याचं संगीत घेऊन बाहेर पडते आणि गटारात सोडून देते. रस्त्यात एक व्हायोलिनवाला उभा असतो, ती त्याला पैसे देते. आणि तो नेमकी तीच धून वाजवायला लागतो. ती क्षणभर थांबते. मग चालायला लागते.

ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी टाक्यांचा प्रसंग सरळ पुढे ढकलावा. मुलींबरोबर बघायचा असेल तर त्या मोठ्या झालेल्या असाव्यात, आणि जेवणं आधीच उरकलेली बरी.