घरची बाग : हिरवळींतील तण केव्हां काढावें?

पावसाळा लागला कीं घरापुढील हिरवळ पाहून मन प्रसन्न होतें; परंतु आषाढ अर्धा सरतो न सरतो तोंच तींत हरळीपेक्षां इतर वनस्पतींचाच भरणा अधिक दिसूं लागतो. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, माळ्याकडून औषध फवारून घ्यावें. दुसरा म्हणतो, गवतांत गवत वाढणारच, त्याची एवढी चिंता कशाला? आमच्या मतें मुख्य प्रश्न दोघांच्याही नजरेंतून निसटतो. तण कशानें काढावें ह्यापेक्षां तें केव्हां काढावें ह्यावरच यशापयश अधिक अवलंबून असतें.

तण म्हणजे काय, हें प्रथम ठरविलें पाहिजे. जी हरळी आपण अंगणांत हौसेनें लावतों, तीच शेतकऱ्याच्या रानांत शिरली म्हणजे त्याची वैरीण होते. उलट आघाडा हिरवळींत शोभत नाहीं. पण श्रावणांतील शुक्रवारीं जिवतीच्या माळेसाठीं त्याचाच शोध चालतो. तेव्हां वनस्पति स्वभावतः वाईट नसून अस्थानीं उगवली म्हणून ती तण ठरते. कुंपणाच्या कडेला आघाड्यासाठीं व माक्यासाठीं हातभर जागा राखावी, आणि हिरवळींतून मात्र त्यांना वेळींच काढावें, हें उत्तम.

काळाच्या दृष्टीनें ह्या तणांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग बियांवर जगणाऱ्या वर्षायु वनस्पतींचा. केना, माठ, घोळ, दुधी, टाकळा व गाजरगवत हीं त्यांतील प्रमुख होत. ह्यांचें बळ बियांत असतें. म्हणून फूल येण्यापूर्वीं त्यांना उपटलें कीं पुढील वर्षाचें निम्में काम झालें. मृगाचा पाऊस पडल्यावर दोनतीन आठवड्यांत हीं रोपें बोटभर होतात. माती मऊ असते, मुळें उथळ असतात, आणि चिमटीनें ओढतांच रोप समूळ निघतें. तीच रोपें श्रावणापर्यंत राहिलीं तर खुरपें घ्यावें लागतें, आणि तोंवर कित्येकांचें बीं जमिनीवर सांडलेलेंही असतें. केन्याच्या तुटक्या कांडीलाही मुळें फुटतात. तो उपटून तेथेंच टाकूं नये.

गाजरगवताविषयीं स्वतंत्र सांगणें अवश्य आहे. अमेरिका खंडांतून आलेली ही वनस्पति १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम लोकांच्या नजरेंत भरली, आणि तेथून देशभर पसरली. एकेका झाडाला हजारों बिया येतात. तिच्या स्पर्शानें अंगाला खाज सुटते व कातडी चिघळते. कित्येकांस दम्याचा त्रास होतो. म्हणून हें काम मुलांवर सोंपवूं नये. मोठ्या माणसांनींच हातमोजे घालून तें फुलण्यापूर्वीं काढावें.

दुसरा वर्ग एकट्या लव्हाळ्याचा आहे, आणि तोच सर्वांत चिवट. त्याची दांडी तिधारी असल्यामुळें बोटांत फिरवून पाहतांच ओळख पटते. उटण्यांत आपण जो सुगंधी नागरमोथा घालतों तो ह्याच कुळांतील गांठींचा. हिरवळींत मात्र ह्या गांठी माळेसारख्या जमिनीखालीं पसरत जातात. वरचें पान ओढलें कीं तें तुटतें, गांठ खालींच राहते व पुन्हा फुटते. येथें युक्ति एकच : पांचसहा पानें येण्यापूर्वींच तें काढावें, आणि पावसाळाभर दर दोनतीन आठवड्यांनीं हें काम न चुकतां करावें. तोंवर नवी गांठ धरलेली नसते, आणि प्रत्येक फुटव्यापायीं जुन्या गांठींतील सांठा खर्च होतो. एका पावसाळ्यांत तो समूळ जाईल अशी अपेक्षा धरूं नये. नवी हिरवळ लावावयाची असेल तर वैशाखांतच जमीन खणून गांठी उन्हांत उघड्या टाकाव्या. कडक उन्हांत त्या वाळून मरतात.

तिसरा वर्ग आंबुशी, लाजाळू व एकदांडी ह्यांसारख्या बहुवर्षायु वनस्पतींचा. आंबुशीच्या शेंगा पिकतांच तडकून बिया दूर उडवितात. म्हणून पिवळें फूल दिसतांच, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, खुरप्यानें मुळांसकट तिला उचलावें.

आतां औषधांसंबंधीं. टू-फोर-डी ह्या जातीचीं औषधें रुंद पानांच्या तणास मारतात, हरळीस सहसा नाहीं. लव्हाळ्यावर त्यांचा फारसा उपयोग नाहीं. ग्लायफोसेट तर हरळीसकट सर्वच मारतें. त्याचा वापर कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरताच मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें काढली होती. फवारणी करणेंच झालें तर तण कोंवळें व जोमांत असतांना करावी. चैत्र-वैशाखांत सुकलेलें तण औषध नीट शोषून घेत नाहीं. पाऊस येण्याच्या बेतांत असेल तर तें धुऊन जातें. वारा असेल तर तें शेजारच्या गुलाबावर जातें. वृंदावनांतील तुळसही रुंद पानांचीच आहे, हें विसरूं नये. नव्या हिरवळीवर तीनचार कापण्या होईपर्यंत औषध घालूं नये.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट घरांतील माणसांची. ज्या हिरवळीवर पहांटे वडील मंडळी अनवाणी फिरतात, मुलें लोळतात, आणि जेथून घरच्या स्त्रिया गणपतीसाठीं दूर्वा खुडतात, तेथें कोणी काय फवारलें हें साऱ्या घरास ठाऊक असलें पाहिजे. ज्या घरीं दूर्वा व पत्री अंगणांतूनच घेतात, त्यांनीं श्रावण-भाद्रपदांत फवारणी पूर्णपणें वर्ज्य करावी. फवारलेल्या जागेंतील घोळ-माठ भाजीस घेऊं नये व कापलेलें गवत गाईस घालूं नये. मृगानंतरचे दोन आठवडे ज्यानें साधले, त्याला ह्या पथ्यांचा प्रसंगच बहुधा येत नाहीं.

शेवटीं तण येण्याचीं कारणें. हिरवळ फार खालीं कापली कीं माती उघडी पडते व बियांस ऊन मिळतें. म्हणून एका वेळीं उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये. तण काढल्यावर पडलेली रिकामी जागा त्याच दिवशीं हरळीचीं कांडीं लावून भरावी. अर्धवट कुजलेल्या शेणखतांतून बिया येतात, आणि बाहेरून आणलेल्या मातींतून लव्हाळ्याच्या गांठी. दोन्ही पारखून घ्यावीं.

तात्पर्य, वैशाखांत खणणें, ज्येष्ठ-आषाढांत उपटणें, श्रावणापासून दर पंधरवड्यास लव्हाळ्यावर नजर ठेवणें आणि आश्विनांत राहिलेलें तण बीं धरण्यापूर्वीं काढणें, एवढा क्रम पाळावा. रविवारीं सकाळीं घरांतील चारपांच माणसें अर्धा तास बसलीं तरी मध्यम आकाराचें अंगण निर्मळ राहतें. हिरवळीस पाणी केव्हां व किती द्यावें, ह्याचा विचार पुढील अंकीं करूं.