ध्वजदिन आणि दगडावरची नावे

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलेली आपली मुले दुसऱ्या दिवशी परिपाठाला उभी राहतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांवरची झोप उतरलेली नसते. त्याच सकाळी ध्वजदिन असतो. १९४९ पासून ७ डिसेंबर हा दिवस देशभर सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. धारातीर्थी पडलेल्या जवानांचे स्मरण, त्यांच्या कुटुंबांचे पुनर्वसन, माजी सैनिकांचे कल्याण हे त्याचे हेतू. भूदल, नौदल आणि वायुदल यांचे लाल, गडद निळा व फिका निळा हे तीन रंग असलेले कागदी ध्वज येतात, निधीचे उद्दिष्ट ठरते, ते पूर्ण होते, आणि दिवस संपतो. निधी आवश्यकच आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण छातीला ध्वज लावून फिरणाऱ्या शंभर मुलांना आपल्या तालुक्यातील एकाही दिवंगत जवानाचे नाव सांगता येत नसेल, तर आपण पैसे गोळा केले, स्मरण केले नाही, असेच म्हणावे लागेल.

स्मरणाचा संबंध नावाशी असतो, हे आपल्या समाजाला कुणी शिकवण्याची गरज नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची ४९ नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. तेवढ्या एका प्रत्ययावरून ते महार होते हे आपल्याला कळते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हेही सांगितले पाहिजे की, तो स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला. अस्पृश्यता नष्ट व्हावी असा त्यामागे हेतू नव्हता. त्याला आपला अर्थ आपण दिला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. ज्या माणसांची सावलीही विटाळ मानली गेली, त्यांची नावे उघड्यावर, कुणालाही वाचता येतील अशी कोरलेली होती, ही साधी गोष्ट नव्हती.

त्याच इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची भरती बंद केली. नावे दगडावर राहिली आणि नातवंडांना छावणीचे दार बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, त्यांत पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला दिला होता. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. सुभेदार रामजी सकपाळांच्या मुलाला फौजेची भाकरी म्हणजे काय, हे ठाऊक होते. त्या भाकरीबरोबर घरात अक्षर आले होते.

आता दुसरे एक स्मारक पाहा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या आणि ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक झाले. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या भारतीय शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा आला. मृत्यूनंतर सर्व समान, हे ज्या युद्धस्मारक आयोगाचे घोषित तत्त्व होते, त्याच्याच देखरेखीखाली हे घडले. २०२१ मध्ये त्या आयोगाने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य करून क्षमा मागितली. शंभर वर्षे लागली. ते शिपाई कुठल्या जातीचे, कुठल्या प्रांतांतले होते, हे त्या दगडावरून कळायला मार्ग नाही. आकड्याला गाव नसते.

म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचे मला मोल वाटते. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे लोकार्पण झाले. तेथील त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे एकेका शिळेवर आहेत, शिपाई आणि अधिकारी एकाच पद्धतीने. दिल्लीच्या सहलीत आपण मुलांना लाल किल्ला दाखवतो. तेथेही न्यावे, आणि घाईने फिरवून आणू नये. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव शोधायला सांगावे. मुंबईत जन्मलेला हा तमिळ अधिकारी महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचा. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत त्याला वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तेथे शांतिसेनेचे हजाराहून अधिक जवान पडले. ते युद्ध सोयीचे नव्हते, म्हणून त्यांचा उल्लेखही सहसा भाषणांत होत नाही.

२५ नोव्हेंबर या तारखेला आणखी एक आठवण आहे. १९४९ मध्ये याच दिवशी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला. आज जवानाची भक्ती करण्याचा प्रकार फार वाढला आहे. व्यासपीठावर त्याचा जयघोष होतो आणि त्याच गावात त्याची वीरपत्नी पेन्शनच्या कागदासाठी हेलपाटे घालते. जयघोष करणाऱ्याला तिच्याबरोबर कार्यालयात जाण्यास सांगितले की त्याला वेळ नसतो. ज्याने युद्धाविषयी प्रश्न विचारला त्याने जवानाचा अवमान केला, हा समजही या भक्तीतूनच आला आहे.

बौद्ध संस्थेने सैनिकांचे स्मरण करावे काय, असे काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी होऊ घातलेल्या युद्धाला त्याने केलेला विरोध हे मांडले आहे. आपल्या धम्माचा आरंभच युद्ध नाकारण्यापासून होतो. परंतु ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या लेखात त्यांनी वैशालीच्या सेनापतीचा प्रसंग सांगितला आहे: शांततेचे सारे उपाय थकल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला दोष नाही, हिंसेची जबाबदारी युद्ध सुरू करणाऱ्यावर. आणि अशोकाचा तेरावा शिलालेख आहेच. त्यात कलिंगात मारले गेलेल्या एक लाख आणि बंदी करून नेलेल्या दीड लाख माणसांची नोंद विजेत्याने स्वतः, पश्चात्तापाने केली आहे. ती माणसे शत्रुपक्षाची होती. आपल्या विद्यार्थ्यांना ध्वजदिनी हा शिलालेख समजावून सांगितला, तर सैनिकाचा मान तसूभरही कमी होणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांची डिस्चार्ज बुके, पदके, पेन्शनची पुस्तके, पलटणीतले फोटो पडून आहेत. १९१७ च्या पलटणीतले असोत वा १९४१ नंतरचे, घराची डागडुजी निघाली की हे कागद प्रथम रद्दीत जातात. यंदाच्या मेळाव्याला येताना ते बरोबर आणावेत. इतिहासाच्या खोलीत त्यांची छायाप्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत दिले जातील, आणि येत्या ७ डिसेंबरपासून परिपाठात त्यांतील नावे वाचली जातील. रणांगणावर पडलेल्यांची आधी, मग घरी परतलेल्यांची. प्रत्येक नावापुढे पलटण आणि गाव लिहावे. आणि ठाऊक असेल तर आईचे नावही लिहावे, कारण ते सरकारी कागदांवर क्वचितच सापडते.