मौनाला फुटलेली पालवी

कुमारवयातील वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी म्हटली की साहस, सहल आणि शेवटी थोडासा बोध, एवढेच वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे येते. या महिन्यात ज्या पुस्तकाचा परिचय करून द्यावयाचा आहे, ते मुलांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, वडीलधाऱ्यांनी वाचावे असे आहे. लॉरी हॉल्स अँडरसन या अमेरिकन लेखिकेची ‘स्पीक’ ही कादंबरी १९९९ साली प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ ‘बोल’. आणि कथा मात्र वाचा हरवलेल्या मुलीची.

न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस शहरातली मेलिंडा नववीत जाते तीच एकाकी होऊन. सुटीत एका घरगुती समारंभातून तिने पोलिसांना दूरध्वनी केला, समारंभ उधळला गेला, म्हणून मैत्रिणींनी तिला वाळीत टाकले आहे. दूरध्वनी कशासाठी केला, हे कोणीही विचारलेले नाही. त्या रात्री वरच्या वर्गातील एका मुलाने तिच्यावर बलात्कार केला होता. पोलिसांशी बोलावयास गेली तेव्हा तोंडून शब्द फुटला नाही, आणि पुढे तो घशातच अडकून राहिला. तिचे आडनाव सोर्डिनो. पाश्चात्त्य संगीतात हा शब्द वाद्याचा आवाज दाबणाऱ्या साधनाशी निगडित आहे.

कादंबरीचे चार भाग म्हणजे शालेय वर्षाची चार सत्रे. मेलिंडाचे गुण घसरतात, ती तास चुकविते, ओठ चावून चावून रक्ताळते आणि झाडूवाल्याच्या बंद पडलेल्या अडगळीच्या खोलीत आसरा शोधते. घरी आईवडील आपापल्या नोकरीत बुडालेले. स्वयंपाकघरात चिठ्ठ्या ठेवून संसार चालतो. पुढे शाळेत पालकांना बोलावून बैठक भरते. मुलगी बोलत का नाही, अभ्यास का करीत नाही, याचा जाब विचारला जातो; तिला काय झाले आहे, हा प्रश्न मात्र त्या खोलीत कोणालाच सुचत नाही. शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाला हे प्रकरण वाचताना पुस्तक क्षणभर मिटून ठेवावे लागते. घसरलेले गुण म्हणजे आळस आणि मौन म्हणजे उर्मटपणा, हा अर्थ आपण किती सहजपणे लावतो!

तिला हात मिळतो तो चित्रकलेच्या शिक्षकांचा. वर्गात प्रत्येकाने चिठ्ठी उचलावयाची आणि निघेल त्या विषयावर वर्षभर काम करावयाचे. मेलिंडाच्या वाट्याला ‘झाड’ येते. प्रारंभी तिच्या हातून निर्जीव झाडेच उतरतात. फ्रीमन गुरुजी तिला खोदून विचारीत नाहीत. पण दार उघडे ठेवतात, धीर देतात, पुन्हा रेखाटावयास लावतात. दरम्यान घराच्या अंगणातील झाडाच्या रोगट फांद्या छाटल्या जातात, आणि ते मारण्यासाठी नव्हे तर वाढावे म्हणून, हे तिला उमगते. सत्य प्रथम ती मैत्रिणीला कागदावर लिहून सांगते, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला जात नाही. तरीही ती मागे फिरत नाही. अखेरच्या संकटात तिचा नकार मोठ्याने बाहेर पडतो, आणि मग ती गुरुजींजवळ बोलू लागते. जखम केवळ काळाने भरत नाही; ती सांगता यावी लागते आणि ऐकणाऱ्याने ती खरी मानावी लागते, हे या कादंबरीचे सार.

हे नुसत्या कल्पनेचे खेळ नव्हेत. आपल्यावर तेराव्या वर्षी असाच अत्याचार झाला होता, हे लेखिकेने २०१९ मध्ये ‘शाउट’ या आत्मकथनात लिहिले. मेलिंडा अडगळीच्या खोलीत जिचे चित्र लावते, ती कवयित्री माया अँजेलो बालपणी अशाच आघातानंतर सुमारे पाच वर्षे मूक झाली होती. इतके असूनही हे पुस्तक शाळांतून काढून टाकावे, अशी मागणी अमेरिकेत वारंवार झाली. तेथील ग्रंथालय संघटनेच्या २०२० च्या आक्षेपित पुस्तकांच्या यादीत ते चौथे होते.

आपल्याकडे असे घडत नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणारे पुष्कळदा ओळखीचे व विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणाजवळही काढलेली नव्हती. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा कळताच तो पोलिसांना कळविणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले. १०९८ हा मदतीचा क्रमांकही आहे. परंतु कायद्याचे काम मूल बोलल्यानंतर सुरू होते. ते बोलावे असे वातावरण घरी आजीने, आईवडिलांनी, काकांनी आणि शाळेत गुरुजनांनीच निर्माण करावयाचे असते. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य ज्या घरात वरचेवर उच्चारले जाते, त्या घरातील मूल कोणाजवळ बोलेल?

चौदा वर्षांवरील मुलामुलींच्या हाती हे पुस्तक अवश्य द्यावे. मात्र आधी आपण वाचावे. वाचून झाल्यावर मुलाने काही विचारले, तर हातातले काम बाजूला ठेवावे आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.