शेजारी बसणारा पाद्री

दोस्तहो, आपल्यातले काही जण म्हणतात, "पाद्र्याचं आपल्याला काय? ते सेवा करतात बाटवायला." मी म्हणतो, आधी स्टॅन स्वामीकडं बघा.

तिरुचिरापल्लीकडचा हा जेझुइट म्हातारा. रांचीजवळ नामकुमला, बगईचात एका खोलीत राहायचा. शेजारी आदिवासी. त्यांना नुसती औषधं-भाकरी वाटली असती तर सरकारनं शाल पांघरली असती. यानं विचारलं, जमीन कुणी घेतली? पोरं नक्षलवादी ठरवून तुरुंगात का सडवता? कच्च्या कैद्यांची माहिती गोळा केली, कोर्टात गेला. इथंच त्याची सेवा गुन्हा झाली.

8 ऑक्टोबर 2020 ला त्याला उचलला. कशात? भीमा कोरेगावच्या खटल्यात! आयुष्यात तिथं कधी गेलो नाही, असं तो सांगत होता. कंपवातानं पेला हातात धरवत नव्हता. पाणी प्यायला नळी मिळावी म्हणून तळोजा जेलमधून अर्ज करावा लागला. उत्तराला तारीख पडली. 5 जुलै 2021 ला, 84 वर्षांचा, जामिनाची वाट बघत कोठडीतच गेला. खटला सुरूसुद्धा झाला नव्हता.

त्याला संत म्हणून हार घालू नका. हार घातला की आपण सुटलो. तो ख्रिस्ताला मानून शेजाऱ्यात राहिला. आपण बाबासाहेबांना मानतो आणि राहतो कुठं? जयंतीचा मंडप उतरला की वस्तीत किती रात्री काढतो? कच्च्या कैद्यांत आपलीही पोरं आहेत. सांगा, त्यांची यादी आपल्यापैकी कुणाकडं आहे?