चहाचे टेबल आणि घरची ओसरी

कॉलेजातील दिवसांचा विषय निघाला म्हणजे क्रमिक पुस्तकांपेक्षा चहाच्या पेल्यांचीच आठवण आधी व्हावी, ही गोष्ट विद्येच्या दृष्टीने फारशी भूषणावह नाही. परंतु ती खरी आहे. आमच्या वाचकांपैकी जे गृहस्थ आज आजोबांच्या पदवीस पोहोचले आहेत, त्यांनी मनाशी प्रामाणिकपणे विचार करून पाहावा. प्राध्यापकांची किती व्याख्याने त्यांना आज स्मरतात? आणि ज्या मित्राबरोबर एका पेल्याचे दोन करून चहा घेतला, त्याचे नाव, गाव, त्याच्या सदऱ्याचा फाटका खिसा, यांपैकी काय विस्मरणात गेले आहे?

विलायतेत किंवा अमेरिकेत शिकून आलेली मंडळी आपल्या कॉलेजाशेजारच्या मद्यगृहांच्या आठवणी मोठ्या प्रेमाने सांगतात. आमच्या पिढीस तो योग नव्हता. मुंबई राज्यात 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला आणि 1950 पासून संपूर्ण बंदी अमलात आली. पुढे 1960 नंतरच्या दशकात ती बरीच सैल झाली खरी; पण परवान्याचे प्रकरण राहिले, आणि आजही महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची 25 वर्षे पुरी व्हावी लागतात. तेव्हा उंब्रजसारख्या गावातून जून 1965 मध्ये पुण्यास गेलेल्या आमच्यासारख्या मुलाने ‘परमिट रूम’ ही पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचावी व पुढे चालू लागावे, एवढाच त्या संस्थेशी आमचा संबंध. आमचे बैठकीचे ठिकाण म्हणजे इराण्याचे हॉटेल.

संगमरवरी फळीची टेबले, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या, भिंतीवर मोठाले आरसे, गल्ल्यावर बसलेला धिप्पाड मालक, आणि समोर बन-मस्का व चहा. पुण्यात डेक्कन जिमखान्यावरील ‘गुडलक’ 1935 सालापासून चालू आहे. तेथे आमच्या आधीच्या पिढ्या बसल्या व आज आमची नातवंडे बसतात. इराणी लोकांना चौकातील कोपऱ्याच्या जागा सहज मिळत, कारण आपले व्यापारी त्या अशुभ मानीत, असे सांगतात. ते कसेही असो. त्या जागा पुढे तरुणांस फार शुभ ठरल्या, याविषयी आम्हांस शंका नाही. एक चहा मागवून दोन तास बसले तरी उठा असे कोणी म्हणत नसे. आणि दुसरी त्याहून मोठी गोष्ट अशी की, टेबलाशी बसणारास त्याची जात कोणी विचारीत नसे.

ही दुसरी गोष्ट आज क्षुल्लक वाटते. परंतु याच पुण्यात चहाच्या पेल्याने काय रणकंदन माजविले होते याचे स्मरण ठेवणे इष्ट आहे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानास शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला. पण उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, आणि प्रायश्चित्ताच्या वादाने घराघरांतील स्वास्थ्य नाहीसे केले. त्या चहानंतर पुरती पन्नास वर्षेही लोटली नाहीत तोच त्याच गावात ब्राह्मणांची मुले इराण्याचा पाव इराण्याच्या लोण्यासह खाऊ लागली. शास्त्रार्थाने जे साधले नाही ते बन-मस्क्याने साधले, असे आम्ही विनोदाने म्हणत असू.

मैत्रीचे बीज कॉलेजात पडते आणि त्याचा वृक्ष किती वाढेल हे पेरणारासही कळत नाही. आमच्या कराड तालुक्यातील टेंभू गावी 1856 साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर अत्यंत गरिबीत शिकत डेक्कन कॉलेजात पोहोचले व तेथे त्यांस टिळक भेटले. दोन तरुणांच्या त्या रात्री-अपरात्रीच्या वादविवादांतून पुढे काय निघाले पाहा: 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, 1881 मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. 1882 साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस बरोबर काढले. पुढे मतभेद झाले, ते तीव्र झाले; आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला, टिळकांनी 1890 मध्ये सोसायटी सोडली. परंतु 1895 साली आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त त्यांच्यावर लिहावयास टिळकच बसले. ज्याच्याशी मनसोक्त भांडता येते असा स्नेही मिळणे, हाच कॉलेजच्या फीचा खरा मोबदला होय.

मैत्रीचे दुसरे एक मनोहर उदाहरणही आमच्या शेजारचेच आहे. उंब्रजहून चाफळास फाटा फुटतो. त्या चाफळात जन्मलेले कवी यशवंत हे 1923 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे एक प्रमुख सभासद. माधव जूलियन, गिरीश, दिवाकर अशी ती मंडळी एकत्र बसून कविता वाचीत. त्यांत एक स्त्रीही होती, मनोरमाबाई रानडे. परंतु त्या मंडळातील श्रीधरपंत रानडे यांच्या पत्नी होत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या काळी पुरुषांच्या साहित्यिक बैठकीत बसावयाचे तर बहुधा पतीच्या बरोबर बसावे लागे.

येथेच आम्ही विषयाच्या नाजूक भागाकडे वळतो. आमच्या वेळेपर्यंत वर्गात मुली पुष्कळ होत्या. मात्र त्यांची बाके पुढची, आमची मागची, व मधील दोन ओळी म्हणजे जणू दोन राज्यांमधील मोकळा मुलूख. त्या मुलखातून प्रवास करण्याचा एकच मान्य परवाना असे, तो म्हणजे वही. ‘तुमची मानसशास्त्राची वही दोन दिवस मिळेल का?’ हे वाक्य आमच्या एका मित्राने आरशापुढे आठ दिवस पाठ केले. वही मिळाली. ती परत करताना चहाचे निमंत्रण द्यावयाचे असा चौघांच्या सभेत ठराव झाला. निमंत्रण दिले गेले व, आश्चर्य हे की, ते स्वीकारलेही गेले. ठरलेल्या दिवशी मित्राच्या खिशात आम्हां चौघांची मिळून जमलेली साडेतीन रुपयांची पुंजी होती. ती मुलगी वेळेवर आली. तिच्याबरोबर तिची मावसबहीण, धाकटा भाऊ, आणि त्या भावाचा मित्र असे तिघे आले. सर्वांनी पोटभर खाल्ले. मित्र एकटा ‘मला भूक नाही’ असे म्हणत पाणी पीत बसला. सारे संभाषण मानसशास्त्राच्या परीक्षेत कोणता प्रश्न येईल यावर झाले. तो प्रश्न आलाच नाही, ही गोष्ट निराळी.

ज्यांस असे धैर्य नसे त्यांच्यासाठी नाटकाची तालीम हा राजमार्ग होता. 1963 मध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडकाची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू झाली, तिने रंगभूमीस कोणते नट दिले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मुलामुलींना एकाच खोलीत, एकाच कामासाठी, वडीलमाणसांस सांगता येईल अशा कारणाने बसता आले, हा तिचा उपकार कोणी लिहून ठेवला नाही. जी स्त्री-पुरुषांची मैत्री कामातून होते ती निरोगी असते. जी केवळ चोरून पाहण्यातून होते तिला बोलावयास विषयच सापडत नाही. मग मानसशास्त्राच्या परीक्षेवर भागवावे लागते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आज लेखणी उचलली ती सांगतो. त्या इराण्याच्या टेबलाशी आम्हांस जो सर्वांत निकटचा मित्र मिळाला तो कृष्णेच्या पलीकडच्या एका खेड्यातील मराठा शेतकऱ्याचा मुलगा. उंब्रजपासून त्याचे घर दोन मैलांवर. तारळी जेथे कृष्णेस मिळते त्या संगमावर आम्ही दोघेही पोहावयास शिकलो. तरीही आमची ओळख तेथे झाली नाही. ती शंभर मैलांवर पुण्यात व्हावी लागली. याचे कारण उघड आहे. गांधीजींच्या हत्येनंतर फेब्रुवारी 1948 मध्ये सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. अनेक कुटुंबे गाव सोडून पुण्याकडे गेली. आमचे घर राहिले, पण घरातील मोकळेपणा राहिला नाही. आम्ही त्या वेळी पाळण्यात होतो. मुलांनी कोठे जावे, कोणाकडे पाणी प्यावे, याचे नियम मात्र आमच्या वाट्यास पुढे वीस वर्षे आले.

1966 च्या दिवाळीत तो मित्र प्रथम आमच्या घरी आला. आजींनी त्यास ओसरीवर बसविले, ‘कुणाचा रे तू, बाळ?’ असे विचारले, आणि चहा दिला तो कोनाड्यातील वेगळ्या कपात. त्याने तो कप ओळखला. चहा पिऊन, कप स्वतः विसळून पालथा घातला व आजींच्या पाया पडून तो गेला. पुण्यास परतल्यावर त्याने त्याविषयी एक अक्षर काढले नाही.

पुढच्या वर्षी, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली. आमच्या भागातील पुष्कळ घरांच्या भिंती फाटल्या. धक्का पुण्यातही जाणवला. सकाळी बातमी कळताच तो मित्र आमच्या खोलीवर आला आणि म्हणाला, ‘चल, एस.टी. धरू.’ कात्रज आणि खंबाटकी ओलांडून आम्ही संध्याकाळी उंब्रजास उतरलो. त्याचे घर नदीपलीकडे. परंतु वाटेत आमचे लागते म्हणून तो आधी आमच्याकडे आला. माजघराची भिंत कलली होती, कौले घसरली होती, आणि सारे कुटुंब अंगणात बसले होते. त्याने सदरा काढून काकांबरोबर धान्याची पोती बाहेर आणली. अंधार पडल्यावर आजींनी पिठले-भात केला व अंगणातच पाने मांडली. तो दूर उभा राहिला. त्या म्हणाल्या, ‘उभा का? ये, बैस इथं,’ आणि त्यास आमच्या शेजारी बसवून प्रथम त्याच्या पानावर वाढले. जेवून तो नदी ओलांडून आपल्या घरी गेला. त्या दिवसानंतर वेगळा कप आमच्या घरात कोणी काढला नाही, व त्याविषयी घरात चर्चाही झाली नाही.

आमचे म्हणणे इतकेच आहे. घरच्या ओसरीवर जे साधले नाही ते आधी परक्याच्या टेबलावर साधले, मग ते घरी आले. परंतु ते घरी येण्यास भूकंप व्हावा लागला, आणि प्रत्येक घरास तेवढी किंमत मोजावयास लावणे शहाणपणाचे नाही. आज आपली नातवंडे कॉफीच्या दुकानांत बसतात. काही अन्यत्रही बसत असतील. आपण त्यांस ‘कोठे होतास?’ असे विचारतो, आणि सोयीचे उत्तर मिळवितो. त्याऐवजी ‘कोणाबरोबर होतास? त्याला रविवारी घेऊन ये,’ असे म्हणून पाहावे. नातीचा मित्र दाराशी आला तर आडनावाची चौकशी चहानंतर करावी. बहुधा चहा संपेपर्यंत तिची गरज उरत नाही. मुले घराबाहेर काय करतात याची काळजी वाहणाऱ्या मातापित्यांस आमची एकच सूचना आहे: ज्या घरी मित्रांना मोकळेपणाने बसता येते, त्या घरची मुले सांगण्याजोग्या गोष्टी घरीच सांगतात.

एकत्र कुटुंबात माणसांची वाण नसते. चुलीवर चहाचे आधण असतेच. त्यात दोन पेल्यांचे पाणी अधिक टाकावे, आणि कप सर्वांस सारखे द्यावेत.