कंदमुळांवाचून भाजीचा रस

हर्सूलच्या टी-पॉइंटपासून जाधववाडीची बाजार समिती फार दूर नाही. आसपासच्या गावांतून आलेला दुधी, काकडी, टोमॅटो, कोथिंबीर हा माल तेथे सकाळी लवकरच हातावेगळा होतो. दुकान उघडण्यापूर्वी पेलाभर भाजीचा रस घेण्याची प्रथा छत्रपती संभाजीनगरातील अनेक व्यापारी घरांत रुजली आहे. दिवसभर गादीवर बैठक, वेळी-अवेळी चहा आणि त्यासोबत फरसाण, अशा दिनक्रमात ही सवय स्वागतार्हच म्हणावी लागेल. रसाची चव भाजीच्या ताजेपणावर ठरते, म्हणून बाजार जवळ असणे ही हर्सूलकडच्या गृहिणीची मोठी सोय आहे.

मात्र रसाच्या प्रचलित कृती वाचू लागताच जैन स्वयंपाकघरात अडचण उभी राहते. बहुतेक कृती गाजर, बीट आणि आले या तिघांवर उभ्या असतात आणि ही तिन्ही जमिनीखालची, म्हणून वर्ज्य. वस्तुतः या तिघांचे काम काय, हे पाहिले की मार्ग सापडतो. गाजर गोडवा देते, बीट रंग देते, आले तिखटपणा देते. गोडव्यासाठी सफरचंदाच्या दोन फोडी किंवा मूठभर डाळिंबाचे दाणे पुरतात. रंगाला टोमॅटो आणि लाल भोपळा आहेत. गाजरातील ज्या घटकापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, तो लाल भोपळ्यातही असतो. तिखटपणासाठी मिरपूड आहे आणि वाळलेली असल्यामुळे सुंठही बहुतेक घरांत चालते.

दोन पेल्यांसाठी पुढील तीन कृती घरच्या मिक्सरवर सहज होतात.

दुधी-पुदिना : पाव किलो कोवळा दुधी साल काढून चिरावा. पुदिन्याची आठ-दहा पाने, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चवीपुरते सैंधव आणि अर्धा पेला पाणी घालून वाटावा. शेवटी अर्धे लिंबू पिळावे.

काकडी-कोथिंबीर : दोन मध्यम काकड्या, मूठभर निवडलेली कोथिंबीर, सफरचंदाच्या दोन फोडी, चिमूटभर सुंठ आणि लिंबाचा रस. काकडीला स्वतःचे पाणी सुटते, त्यामुळे वरून पाणी जवळजवळ लागत नाही.

भोपळा-टोमॅटो : लाल भोपळ्याच्या वाटीभर फोडी पाच मिनिटे वाफवून थंड कराव्यात. दोन टोमॅटो, मिरपूड आणि सैंधव घालून वाटावे. ज्या घरी टोमॅटो चालत नाही, तेथे डाळिंबाचे दाणे घालावेत. मग मात्र बियांसाठी रस गाळून घ्यावा.

एरवी रस फार बारीक गाळू नये. चोथ्याबरोबर पोटाला उपयुक्त तंतूही निघून जातात. पाणी गाळलेले किंवा उकळून थंड केलेले असावे. रस वाटल्याबरोबर प्यावा, शीतकपाटात साठवू नये. चातुर्मासात पालेभाजीचा त्याग असतो, तेव्हा पुदिना-कोथिंबिरीशिवाय जिरे आणि लिंबू यांवर चव सांभाळता येते. अष्टमी-चतुर्दशीला ज्या घरी हिरवी भाजी होत नाही, तेथे मुगाचे गरम कढण हा उत्तम पर्याय होय.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हृदयविकार आणि मधुमेह यांवर गुणकारी समजून दुधीचा रस घरोघरी घेतला जातो. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमून या प्रश्नाचा अभ्यास केला. २०१८ मध्ये पुण्यातही एका महिलेचा असाच अंत झाला. दुधी, काकडी, भोपळा या एकाच कुळातील भाज्या. त्यांत कधी कधी कुकुर्बिटासिन नावाचे कडू विषारी द्रव्य वाढते. कडू दुधी बाहेरून ओळखता येत नाही; तो इतर दुधींसारखाच हिरवा आणि तुकतुकीत दिसतो.

समितीचा सल्ला साधा आहे. रस काढण्यापूर्वी दुधीची लहानशी फोड चाखावी. किंचितही कडू लागली, तर तो दुधी संपूर्ण टाकून द्यावा. दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये, असेही समितीने सुचविले आहे, कारण त्यामुळे कडवटपणा झाकला जातो. वरच्या पहिल्या कृतीत लिंबू आणि जिरे शेवटी घालायचे, तेही चाखण्याची पायरी झाल्यावरच. काकडी आणि भोपळाही असेच चाखावेत. काकडीचे टोक घासून कडूपणा जातो या समजुतीवर विसंबू नये. शिजवल्यानेही हे द्रव्य नाहीसे होत नाही. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटात कळा सुरू झाल्या, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा नाही, लवकर मिळालेले उपचारच कामी येतात.

‘औषध आहे, कडूच असणार’ असे म्हणत डोळे मिटून पेला रिकामा करणारे ज्येष्ठ पुष्कळ घरांत असतात. त्यांना सुनेने किंवा नातवंडांनी नम्रपणे अडवले, तर त्यात अविनय नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी रोजचा रस वैद्यांना विचारूनच सुरू करावा. मुतखडा झालेल्यांनी पालकाचा रस टाळावा आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी पालेभाजीच्या रसाविषयी आधी विचारून घ्यावे. कोणताही रस चालू गोळ्यांची जागा घेत नाही.

जैन घरात धान्य निवडले जाते, पाणी गाळले जाते, पालेभाजीचे पान उलटून पाहिले जाते. प्रत्येक कृतीत जपणूक असावी, यालाच जयणा म्हणतात. दुधीची फोड चाखणे ही त्याच परंपरेतील आणखी एक पायरी. तिला अर्धे मिनिटही लागत नाही आणि ती रोज, प्रत्येक दुधीसाठी नव्याने करावी लागते.