रोह्याच्या पुढे गेलेली तार आणि मागे राहिलेला हिशेब

कोकणात रेल्वे दोनदा आली. पहिल्यांदा १९९८ मध्ये रुळांवरून आणि दुसऱ्यांदा २०२२ मध्ये तारेवरून. २० जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बंगळुरू येथील कार्यक्रमात रोहा ते ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण केले. नोव्हेंबर २०१५ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, ज्या कामाची पायाभरणी झाली होती ते साडेसहा वर्षांत पूर्णत्वास गेले. खर्च १२८७ कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन कोटी. नव्वदच्या वर बोगदे, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी आणि समुद्राकडून येणारा खारा वारा लक्षात घेता हा आकडा अवाजवी म्हणता येणार नाही. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून डिझेलच्या धुरासह ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना या तारेचे महत्त्व आकडेवारीवाचूनही पटेल.

मात्र हा पैसा कोणाचा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. रोह्याशी ज्यांचे घरचे नाते होते ते चिंतामणराव देशमुख अर्थमंत्रिपदावर असतानाही सार्वजनिक पैशाचा हिशेब पै-पैने मागत; त्यांच्या गावावरून जाणाऱ्या मार्गाबाबत तरी आपण अधिक ढिलाई दाखवू नये. कोकण रेल्वे सरळ रेल्वे अर्थसंकल्पातून उभी राहिली नाही. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हा भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के असा होता. उरलेला मोठा भाग रोख्यांतून, म्हणजे कर्जातून उभारला गेला. जॉर्ज फर्नांडिस व मधू दंडवते हे विचाराने आमचे नव्हते, परंतु त्यांनी दाखवलेल्या धैर्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. ते कर्ज फेडण्यासाठी भाडे ठरवताना प्रत्यक्षापेक्षा ४० टक्के अधिक अंतर धरण्याची पद्धत आली. पेणहून रोह्यापर्यंत मध्य रेल्वेचे सरळ भाडे आणि रोहा ओलांडताच वाढीव अंतराचे! म्हणजे कोकणातील माणसाने रेल्वेसाठी राज्याच्या तिजोरीतून दिले, केंद्राच्या तिजोरीतून दिले आणि तिकीटखिडकीवर पुन्हा दिले. चाकरमान्यांनी त्याबद्दल कुरकुर केली, पण गाडी सोडली नाही.

विद्युतीकरणाच्या धोरणाला आमचा पाठिंबा आहे, आणि त्याचे कारण केवळ पर्यावरण नव्हे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. आखातात एखादी ठिणगी पडली की येथील मालवाहतुकीचा खर्च वाढतो. वीज मात्र आपल्या कोळशातून, आपल्या पाण्यातून, आपल्या वाऱ्यातून आणि आपल्या उन्हातून निर्माण होते. स्वदेशीचा याहून ठोस अर्थ दुसरा कोणता? मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. त्यानंतर २०१४ पर्यंत सुमारे २१,८०० किलोमीटर मार्गावर तार पोहोचली होती. पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्याच्या दुपटीहून अधिक मार्ग विद्युतीकृत झाला. हे यश नाकारण्यासाठी फार मोठा पूर्वग्रह लागेल. तरीही एक विसंगती नोंदवली पाहिजे. २०१५ मध्ये बिहारमधील मढौरा येथे दहा वर्षांत हजार डिझेल इंजिने बांधण्याचा करार झाला आणि २०१८ मध्ये संपूर्ण ब्रॉडगेज जाळ्याच्या विद्युतीकरणाला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. एका हाताने डिझेल आणि दुसऱ्या हाताने तार, असा हा कारभार झाला. सामरिक राखीव म्हणून काही डिझेल इंजिने हवीत, हे मान्य. हजार हवीत का, याचे उत्तर करदात्याला स्पष्टपणे मिळालेले नाही.

आता मुख्य मुद्दा. तार लागली म्हणून गाडी 'हरित' होत नाही. देशातील सुमारे ७० टक्के वीज अजूनही कोळशातून येते. रोह्याजवळ डिझेलचा धूर थांबला असेल, तर तो चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांतून निघत आहे, एवढाच फरक. रेल्वेने २०३० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले आहे. ते गाठायचे तर तारेवर झालेल्या खर्चाइतकेच लक्ष तारेतून वाहणाऱ्या विजेकडे द्यावे लागेल. आणि येथेच पेण-रोहा परिसराला सांगण्यासारखे बरेच आहे.

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका बारमाही आहे ती भिऱ्यामुळे. मुळशीच्या तलावाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणून टाटांनी १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू केले. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचे आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे. तिन्ही आपल्याच जिल्ह्यात. आज ज्याला नवीकरणीय ऊर्जा म्हणून परिषदा भरवल्या जातात, ती रायगडने शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना दिली. भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावरच कोलाडला सकाळी होड्यांचा थरार चालतो आणि धाटावचे कारखानेही. परंतु त्याच पाण्याखाली मावळातील शेतकऱ्यांची जमीन गेली. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह लढवला, तुरुंगवास पत्करला, धरण झालेच. वीज मुंबईला आणि विस्थापन मावळाला, हा सौदा ज्यांनी पाहिला त्यांच्या वारसांसमोर हरित ऊर्जेचे गोडवे गाताना जीभ अडखळली पाहिजे.

सौरऊर्जेचे समर्थक एक अडचण सहसा सांगत नाहीत. कोकणच्या गाड्या सर्वाधिक भरतात त्या भाद्रपदात. हमरापूर-जोह्याच्या मूर्ती घरोघरी पोहोचलेल्या असतात, चाकरमानी गावाकडे निघालेला असतो, जादा गाड्या सुटतात आणि आकाश ढगांनी भरलेले असते. रात्रीच्या गाड्यांना तर ऊन नाहीच. मग उपाय? तोही सह्याद्रीतच आहे. पावसाळ्यात सांगली-साताऱ्याच्या पठारांवरचा वारा सर्वांत जोरात वाहतो. रेल्वेने सांगली जिल्ह्यात ५६.४ मेगावॅटच्या पवनचक्क्या उभारल्या आहेत. त्याच वेळी धरणेही भरलेली असतात. उन्हाळ्यात सूर्य, पावसाळ्यात वारा आणि पाणी, आणि दोहोंमधील तूट भरून काढण्यासाठी साठवण. भिऱ्याला १५० मेगावॅटचा असा संच १९९० च्या दशकापासूनच आहे : मागणी कमी असताना पाणी पुन्हा वर चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासन व टाटा पॉवर यांच्यात भिवपुरी येथे १००० आणि पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे १८०० मेगावॅटच्या अशाच प्रकल्पांसाठी सामंजस्य करार झाला आहे. रेल्वेने अशा साठवणीतील वीज दीर्घ मुदतीने घेण्याचा विचार आताच केला, तर सार्वजनिक पैसा योग्य ठिकाणी लागेल.

'दीर्घ मुदत' हा शब्द उच्चारताच दाभोळ आठवणे साहजिक आहे. एन्रॉनच्या करारापायी राज्य वीज मंडळ कर्जाच्या खाईत लोटले गेले आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. पण त्याच दाभोळहून, रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सार्वजनिक कंपनीकडून, रेल्वेने नोव्हेंबर २०१५ पासून ५०० मेगावॅट वीज घेण्यास सुरुवात केली, तीही युनिटमागे ४ रुपये ७० पैसे दराने. प्रकल्प तोच, यंत्रेही तीच. बदलला होता तो करार करणाऱ्याचा हेतू आणि दराबाबतची सावधगिरी.

जमिनीचा प्रश्न मात्र दरापेक्षा नाजूक आहे. २००८ च्या सप्टेंबरमध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांनी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत जनमत दिले आणि भातजमीन सोडण्यास नकार दर्शवला. तेव्हा सौरपट्ट्यांच्या नावाखाली पुन्हा शेतीकडे बोट दाखवू नये. धाटावच्या औद्योगिक वसाहतीची छपरे आहेत, स्थानकांच्या शेड आहेत. घरांच्या छपरांसाठी २०२४ ची सूर्यघर योजना आहे. तीन किलोवॅटला केंद्राचे ७८ हजार रुपये अनुदान मिळते. आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगावी ही योजना समजावून सांगावी. ते काम भाषणांपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

राहिला प्रवासी. पेणपर्यंत विजेची मेमू २०१८ मध्ये पोहोचली. डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या मालातून पेणच्या रुळांवर रेल्वेला उत्पन्न मिळते. पण कोकणात जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना पेणला थांबा मिळावा म्हणून पेणकरांना वर्षानुवर्षे निवेदने द्यावी लागली. तार डोक्यावरून जाते आणि गाडीही समोरून जाते, अशी त्यांची स्थिती झाली. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली. राज्याने घातलेली रक्कम परत मिळावी आणि 'कोकण रेल्वे' हे नाव टिकावे, अशा अटी घातल्या. नावाचा आग्रह योग्यच आहे. त्या अटींच्या यादीत आणखी तीन ओळी जाव्यात : वाढीव अंतराचे भाडे कोणत्या तारखेपासून बंद होणार, पेण व रोह्याला कोणत्या गाड्या थांबणार आणि या मार्गावरची किती वीज कोणत्या वर्षापर्यंत सह्याद्रीच्या पाण्या-वाऱ्यातून घेतली जाणार. रायगडच्या खासदार-आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, या तीन ओळी लेखी मागाव्यात आणि त्यांचे उत्तर जाहीर करावे.